6 ऑक्टोबर 1943: 'स्पोसोब्नी'ने निघून जायला हवं होतं का?

तांडेल: काळ्या समुद्रात सोव्हिएत नौदलाने एका दिवसात तीन जहाजं घालवली: 'खार्कोव', 'बेस्पोश्चाद्नी', 'स्पोसोब्नी'. आदल्या संध्याकाळी तुआप्सेहून निघून रात्री क्रिमियाच्या किनाऱ्यावर मारा करायचा, उजाडता उजाडता परतायचं, असा बेत होता. परतताना पाडलेल्या जर्मन टेहळणी विमानाचे वैमानिक उचलायला सुमारे 20 मिनिटं थांबले. 24 नॉटने तेवढ्या वेळात 8 मैल कापले असते! माझ्या मते तुकडीप्रमुख नेगोदांची चूक सरळ आहे.

वल्हं: 8 मैलांनी काय होणार? युंकर्स 87 ला (जर्मनांचं सूर मारून बॉम्ब टाकणारं विमान, 'स्टुका') ते दोन-तीन मिनिटांचं अंतर. साडेआठच्या सुमाराला पहिला हल्ला झाला, 'खार्कोव'ची इंजिनं बंद पडली. खरा प्रश्न विमानवेधी तोफांचा. 130 मिमीच्या बी-13 तोफा 45 अंशांपेक्षा वर उचलल्याच जात नाहीत, म्हणजे डोक्यावरून सूर मारणाऱ्या विमानापुढे त्या निकामी. उरल्या मोजक्या 76 आणि 37 मिमीच्या. त्यातल्या 37 मिमीच्या नळ्या हवेवरच थंड होणाऱ्या. सलग शंभरेक गोळे झाडले की थांबा.

तांडेल: मान्य. मग तोफा अशा आहेत हे माहीत असताना धडधाकट 'स्पोसोब्नी'ने लंगड्या 'खार्कोव'ला दोर बांधून रांगायचं कशाला? 'खार्कोव'वरची माणसं घ्या, जहाज बुडवा, पळा. दुपारी 'बेस्पोश्चाद्नी' गेलं, मग 'खार्कोव', आणि शेवटी पाण्यातले खलाशी उचलत बसलेलं 'स्पोसोब्नी' संध्याकाळी साडेसहाला. दहा तास!

वल्हं: आता बोलायला सोपं. सप्टेंबर 1941 मध्ये ओडेसाजवळ ग्रिगोरियेव्काला किनाऱ्यावर सैन्य उतरवताना याच 'बेस्पोश्चाद्नी'चा पुढचा भाग बॉम्बने फुटला होता, तरी ओढून सेवास्तोपोलला आणलंच ना? ओढण्याची सवय तिथूनच.

ध्रुवतारा: दोघेही जहाजावरच अडलात. जून 1942 मध्ये 'बेझुप्रेच्नी' स्टुकांनीच बुडवली होती, म्हणजे ताफ्याला हे नवं नव्हतं. दिवसाउजेडी स्टुकांच्या टप्प्यात राहायचं तर डोक्यावर लढाऊ विमानं सतत हवीत. आली ती थोडी, तीही इंधन संपलं की माघारी. दोष बेत आखणाऱ्यांचा. म्हणून तर 11 ऑक्टोबरला स्ताव्काने (सोव्हिएत सर्वोच्च लष्करी मुख्यालयाने) मोठी जहाजं परवानगीविना बाहेर काढायलाच बंदी घातली.

तांडेल: बंदी घातली म्हणून नेगोदा सुटत नाहीत. पहिल्या हल्ल्यानंतर दुसरा येईपर्यंत तीन तास होते. 'खार्कोव' रिकामं करायला तेवढे पुष्कळ होते.