लाईनवर काम करायचंय, टेबलावर नाही

जंपरवाली
आयटीआय इलेक्ट्रिशियन झालंय, 1 वर्षाची अप्रेंटिसशिपही. विद्युत सहाय्यक म्हणून पुढच्या महिन्यात वीज कंपनीच्या ग्रामीण शाखेत रुजू व्हायचंय. 3 वर्षं कंत्राटी, मग तंत्रज्ञ. बाकी स्टाफ सगळा पुरुष. "मॅडम, तुम्ही तक्रारींचं रजिस्टर सांभाळा, खांबाचं पोरं बघतील" हे ऐकावं लागणार असं धरूनच चालले आहे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत काय शिकून घ्यावं, आणि कशावर अडून बसावं?

खांब नंबर 47
रजिस्टर पंधरा दिवस खुशाल सांभाळा. कुठल्या गावाची तक्रार कुठल्या डीपीची (म्हणजे ट्रान्सफॉर्मरची), हे तिथंच पाठ होतं. सोळाव्या दिवशी लाईनवरच्या ड्युटीसाठी शाखा अभियंत्यांना लेखी अर्ज द्या. तोंडी मागणी कुणाच्या लक्षात राहत नाही. टेबलावर वर्ष गेलं की नंतर खांबावर कुणी बोलवत नाही, कारण तोवर हात बसलेला नसतो.

स्वतःच्या हातानं नकाशा काढा: फिडर (उपकेंद्रातून निघणारी मुख्य लाईन), प्रत्येक एबी स्विच (लाईन तोडणारा खांबावरचा स्विच), डीपीची क्षमता, आणि कुठं दोन बाजूंनी पुरवठा येऊ शकतो. डीपीचा हिशेब तोंडपाठ हवा. 100 केव्हीएच्या डीपीला एलटी (कमी दाबाच्या) बाजूचा पूर्ण भार साधारण 133 अँपिअर, 63 केव्हीएला 84. शेतीपंपांच्या हंगामात किटकॅटमध्ये (फ्यूजमध्ये) हाताला लागेल ती जाड तार भरून "आता उडत नाही" म्हणणारे भेटतील. तार वितळत नाही, मग डीपीच्या आतलं वाइंडिंग (तारेची गुंडाळी) जळतं. तिन्ही फेजचं क्लॅम्प मीटरचं (तारेभोवती पकडून प्रवाह मोजतो तो) रीडिंग वहीत लिहून न्या. एक फेज 150 आणि दुसरी 60 असेल तर बदली डीपी मागायच्या आधी भार वाटून घ्यायला हवा. हे आकड्यात मांडणाऱ्या माणसाला मग कुणी रजिस्टरवर बसवत नाही.

डिस्चार्ज रॉड
अडून बसायची जागा एकच: परमिट, म्हणजे लाईन बंद करून काम करायची उपकेंद्राची परवानगी. घाईत "बंद केलंय, चढ" असं फोनवर सांगतात. नवीन माणूस, त्यात बाई, भित्री ठरू नये म्हणून चढते. चढू नका.

क्रम असा. उपकेंद्राच्या ऑपरेटरकडून परमिट, नंबर आणि वेळ लिहून. एबी स्विच उघडल्यावर हँडल खाली आलं यावर विश्वास नको. मान वर करून तिन्ही पाती सुटलीत का ते डोळ्यांनी बघा. एखादं पातं अडकून राहतं आणि तीच फेज जिवंत असते. हँडलला कुलूप, किल्ली आपल्या खिशात. मग टेस्टर, आधी चालू लाईनवर तपासून घेतलेला. मग डिस्चार्ज रॉड (तार जमिनीला जोडणारी दांडी): आधी जमिनीकडचं टोक पक्कं, नंतर तारेला. काढताना उलट. अर्थिंग कामाच्या दोन्ही बाजूंना, कारण कुणाचा जनरेटर किंवा इन्व्हर्टर उलटा पुरवठा सोडेल हे सांगता येत नाही. शेजारून दुसरी चालू लाईन जात असेल तर तिच्यामुळे बंद तारेतही विजेचा दाब येतो.

परमिट परत देणं ज्यानं घेतलं त्याचंच काम, सगळी माणसं खाली मोजून झाल्यावर.

अर्धा इंच
साहित्याचं माप कुणी सांगत नाही, म्हणून लिहितेय. स्टोअरमधले रबरी हातमोजे बहुधा मोठ्या हाताचे असतात. बोटांची टोकं रिकामी राहिली की नट पकडता येत नाही, मग "एक मिनिट" म्हणून मोजा काढला जातो. अपघात त्या मिनिटात होतो. तळहाताचा घेर बोटांच्या मुळाशी इंचात मोजा, आत सुती मोजा घालणार असाल तर अर्धा इंच वाढवा. घेर 7 आला तर सुती मोजा धरून साडेसात, तो नंबर नसेल तर 8. मागणी लेखी, नंबरासकट. रोज घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळून आत हवा कोंडा आणि कानाशी धरा. फुस्स आवाज आला तर तो मोजा बाद.

वेणीचा अंबाडा मानेपाशी, खाली. वर बांधला तर हेल्मेट टेकत नाही आणि हनुवटीचा पट्टा ढिला राहतो.

बाहेर सोय नाही म्हणून बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. मेच्या उन्हात खांबावर चक्कर येते ती त्यामुळे. कोणत्या उपकेंद्रात बायकांसाठी वापरता येईल असं संडास-बाथरूम आहे ते पहिल्याच दिवशी विचारा, दुपारचा रूट त्याच्या जवळून आखा.

जंपरवाली
शिडीचं काय? एकटीला उभी करता येईल का?

खांब नंबर 47
शिडी दोघांनी न्यायची, यात पुरुषांनाही सूट नाही. उभी करताना पाया खांबाला टेकवा, दुसऱ्या टोकापासून पायरी-पायरी हात सरकवत पुढं चालत या. ताकद थोडी लागते, पाया घसरू न देणं महत्त्वाचं. उभी झाली की पाया बाहेर ओढा: 4 मीटर उंचीला 1 मीटर. वरचं टोक दोरानं खांबाला बांधेपर्यंत खाली एकानं धरून ठेवायचं. ॲल्युमिनियमची शिडी दिली तर घेऊ नका, बांबूची किंवा फायबरची मागा.