संकष्टीच्या उपासात नाक आणि जीभ खरंच तिखट होतात का?

शिकाऊ_सुगरण:
संकष्टीला काही न खाता चंद्रोदयापर्यंत थांबलं की संध्याकाळी शेजारच्या हिंगाच्या फोडणीचा वासही घरभर जाणवतो. हा नुसता भुकेचा खेळ, की नाक खरंच तिखट होतं? शिवाय नैवेद्य चाखायचा नसतो. उपास सोडताना तो बरोबर लागतो आणि उपास न धरणारे म्हणतात अळणी आहे. चूक मिठाची की जिभेची?

रिकामं_पोट:
थोडी दोन्हींची. पोट रिकामं असताना जठरातून घ्रेलिन (भुकेचं संप्रेरक) जास्त सुटतं. माणसांना ते टोचून पाहिलं तेव्हा ते वास जास्त जोरात हुंगू लागले, म्हणजे नाकात हवाच जास्त ओढली गेली. उंदरांवर २०१४ साली बोर्दोच्या संशोधकांनी दाखवलं की उपाशीपोटी मेंदूच्या गंधकेंद्रात गांजासारखी काम करणारी शरीराचीच रसायनं वाढतात आणि उंदीर जास्त हुंगतात. माणसांच्या चाचण्यांचे निकाल मात्र एका सुरात नाहीत, त्यामुळे फार मोठा फरक धरू नका.

जिभेचं म्हणाल, तर २००४ साली मलावीतल्या प्रयोगात रात्रभर उपाशी राहिलेल्या तरुणांना साखर आणि मीठ अधिक पातळ द्रावणातही ओळखू आलं. कुनैनच्या कडूत फरक पडला नाही. विषाचा इशारा देणारी चव पोटावर अवलंबून नसावी, हे पटण्यासारखं आहे. चवकळ्यांतल्या पेशी बदलायला साधारण १० दिवस लागतात, त्यामुळे एका दिवसात जीभ नवी होत नाही.

दुपारी साबुदाण्याची खिचडी खाल्ली असेल तर हे सगळं विसरा. तो निव्वळ पिष्टमय पदार्थ, रक्तातली साखर आणि इन्सुलिन चढवतो. नावाला उपास, शरीराच्या हिशेबी जेवण.

मोजून_मापून:
घरी तपासता येतं, एकदा उपासाच्या दिवशी आणि एकदा जेवलेल्या दिवशी. १ लिटर आरओच्या पाण्यात (बोअरचं नको, त्यात मुळातच क्षार) ४ ग्रॅम मीठ घाला. त्यातलं अर्धं घेऊन तेवढंच साधं पाणी मिसळा. असं करत २, १, ०.५, ०.२५ ग्रॅमपर्यंत उतरा. तीन कप ठेवा, एकातच द्रावण, बाकी दोन साधे. मांडणी दुसऱ्याने करायची. सर्वांत पातळपासून सुरुवात, घोळवून थुंकायचं, मध्ये चूळ भरायची. सलग तीनदा बरोबर ओळखलं तरच धरा, कारण एकदा नुसता अंदाज लागण्याची शक्यता तीनात एक असते.

इथे हमखास चुकतं: दात घासून लगेच बसणं (पेस्टमधला फेसाचा पदार्थ गोड दाबतो), आणि एक दिवस सकाळी, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तपासणं. वास ओळखण्याची क्षमता दिवसभरात बदलते, वेळ एकच ठेवा. पहिल्या खेपेचे आकडे टाकून द्या, सरावानेही गुण वाढतात.

द्रावण तोंडात घेणं उपासाला चालत नसेल तर गुलाबपाणी पातळ करत नुसतं हुंगा. कापूर किंवा निलगिरी नको, त्यांचा गारवा वेगळ्या मज्जातंतूला कळतो, म्हणून वास न येताही 'आला' असं वाटतं.

शिकाऊ_सुगरण:
मग संध्याकाळी तोंड कडवट का होतं?

रिकामं_पोट:
ती चव अन्नाची नाही. चावणं नाही म्हणून लाळ कमी, जिभेवर थर साचतो. निर्जळी असेल तर आणखी. चव कळायला पदार्थ लाळेत विरघळावा लागतो. उपास लांबला की श्वासात अ‍ॅसिटोनही येतं, फळांच्या सडक्या गोडसर वासासारखं. पाणी चालत असेल तर पाणी प्या आणि जीभ घासा.

मोजून_मापून:
आणि नैवेद्याचं मीठ चमच्याने नको, वजनकाट्यावर मोजा. तयार १ किलो वरणाला किंवा भाजीला ८ ते १० ग्रॅम. बारीक मिठाचा सपाट चहाचा चमचा सुमारे ६ ग्रॅम भरतो, पण जाडसर सैंधव तेवढ्याच चमच्यात कमी बसतं. तुमचा अळणीपणा बहुधा तिथूनच येतोय, जिभेला फार दोष देऊ नका.