मदत हवी आहे: झिरो माईलच्या खांबावरच्या अक्षरांचे फोटो

मंडळी, नागपुरात सीताबर्डीजवळच्या झिरो माईल या जुन्या दगडी खांबावरच्या मजकुराची पूर्ण नोंद करायची आहे. शेजारचे चार घोड्यांचे पुतळे सगळे पाहतात, पण षटकोनी खांबावरचे अंतरांचे आकडे कोणी थांबून वाचत नाही. हैदराबाद ३१८ मैल, चांदा (आताचं चंद्रपूर) १२५, जबलपूर १७०, छिंदवाडा ८३. बाजूच्या छोट्या दगडावर १९०७ सालच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची खूण आहे, ती वेगळीच गोष्ट: तिथून समुद्रसपाटीपासूनची उंची मोजत.

अडचण अशी की समोरून फ्लॅश मारला की अक्षरं सपाट दिसतात. टॉर्च दगडाला जवळजवळ समांतर, दहा-पंधरा अंशांवर धरला तरच खोबणीत सावली पडते आणि पुसट अक्षर उठून येतं. सहा बाजू, प्रत्येक बाजूला डावीकडून, उजवीकडून आणि वरून उजेड, म्हणजे किमान अठरा फोटो. कॅमेरा स्टँडवर, जागचा हलवायचा नाही. कृपा करून कोणी खडू किंवा तेल लावायचं सुचवू नका. वालुकाश्म ते पिऊन घेतो, डाग मग निघत नाही.

हवंय ते असं:
परवानगीचा अर्ज नेमका कोणत्या कार्यालयात द्यावा?
अंधार पडल्यावर टॉर्च धरायला दोघं जण येतील का? मेट्रोचं झिरो माईल स्टेशन जवळच आहे.
आणि कोणाच्या घरच्या अल्बममध्ये खांबाचा जुना, जवळून काढलेला फोटो असेल तर मागची बाजूही स्कॅन करून पाठवा, तिथे बहुतेकदा साल लिहिलेलं असतं.