'राझी' पाहताना तुम्हाला स्वतःचं काय आठवलं? (अनुभव धागा)

मोगरा
काल रात्री टीव्हीवर 'राझी' लागला होता. २०१८ साली थिएटरात पाहिला तेव्हा शेवटी रडले होते. काल सुरुवातीलाच डोळे भरून आले, तेही अगदी साध्या प्रसंगाला. सेहमत ही भारताची हेर, लग्न होऊन पाकिस्तानातल्या एका लष्करी घरात येते आणि गुपचूप घर पाठ करायला लागते. कोण कधी उठतं, फोन कुठे आहे, सासऱ्यांचे कागद कुठे असतात.

माझं लग्न १९९६ चं. माहेर चिपळूण, सासर सांगली, जुना वाडा, घरात अकरा माणसं. पहिले पंधरा दिवस मीही हेच करत होते. सासरे साडेचारला उठतात, मागच्या दाराची कडी उचलून सरकवावी लागते, जिन्याची तिसरी पायरी करकरते. रात्री पाणी प्यायला उतरताना ती पायरी गाळून उतरायचे, कुणाची झोपमोड नको म्हणून. सेहमतला हे शिकवावं लागलं, आम्हाला न शिकवता येत होतं. पण मी ते घर आपलं व्हावं म्हणून पाठ करत होते. आणि तिला तर ज्यांनी लेकीसारखं घरात घेतलं त्यांच्याच... पुढे लिहवत नाही.

तुमचं काय? परीक्षण नको, आठवणी लिहा. सिनेमा पाहिला नसेल त्यांनी जपून वाचा, गोष्ट उघड होणार.

चहाबाज
सेहमतच्या सासरचा जुना नोकर अब्दुल, त्याचा मृत्यू. बस. तो म्हातारा चुकीचं काय करत होता? ज्या घराचं मीठ खाल्लं त्या घराशी इमान राखत होता. जीप त्याच्या अंगावर जाते तेव्हा मी टीव्ही बंद केला होता. आमच्याकडे चाळीस वर्षं कामाला असलेले एक मामा होते. घरातल्या कुणाचंही काही बिनसलं की त्यांना आधी कळायचं. उरलेला सिनेमा दुसऱ्या दिवशी पाहिला.

सासवडची
मोगरा ताई, कडीचं वाचून काटा आला. आमच्याकडे अजून तश्शीच कडी आहे.
मला अमृता खानविलकरची मुनिरा आठवत राहते. मोठी जाऊ, नव्या नवरीला किती मायेनं सांभाळून घेते. आणि तिचाच नवरा सेहमतच्या हातून जातो. माझ्या जाऊबाईंनी माझं पहिलं बाळंतपण केलं, आई नव्हती मला. मुनिराचा तो चेहरा बघताना मला जाऊबाईच दिसत होत्या. सिनेमा संपल्यावर त्यांना फोन लावला, रात्रीचे साडेअकरा. त्या घाबरल्या, काय झालं गं म्हणून.

बॉबिन
कुठे बघायला मिळेल?

चहाबाज
मी प्राईमवर पाहिला होता. आता आहे का बघून घ्या.

पेन्शनर काका
१९७१ ला मी सातवीत होतो, गिरगावात चाळीत राहायचो. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ला केला आणि युद्ध पेटलं. आमच्या खिडक्यांना काळे कागद लागले. मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला. भोंगा झाला की सगळी चाळ अंधारात. जिन्यावर बसून मोठी माणसं हलक्या आवाजात बोलायची, जणू वरून विमानातला माणूस ऐकतोय. कुणाच्या खोलीतून उजेडाची रेघ दिसली की खालून आरोळी यायची, "लाईट बंद करा!"
शरणार्थींसाठी पाच पैशांचं जादा तिकीटही लावावं लागायचं पत्राला. ते चिकटवायचं काम माझ्याकडे होतं.
'राझी'त युद्ध फारसं दिसत नाही, पण ती मुलगी बाथरूममध्ये लपून मोर्स कोडमध्ये संदेश पाठवते तेव्हा माझ्या कानात तो भोंगाच वाजत होता.

टकाटक
काका, सिनेमातला विक्रांत आणि गाझीचा भाग किती खरा?

पेन्शनर काका
आपलं विमानवाहू जहाज विक्रांत खरं, पाकिस्तानची पाणबुडी गाझी खरी. विक्रांतला बुडवायला त्यांची गाझी बंगालच्या उपसागरात आली होती. आपल्या नौदलाने विक्रांत अंदमानकडे हलवली आणि ती विशाखापट्टणमलाच आहे असा भास उभा केला. राजपूत नावाची जुनी विनाशिका विक्रांत असल्यासारखे संदेश पाठवत राहिली. ३ आणि ४ डिसेंबरमधल्या रात्री गाझी विशाखापट्टणमजवळ बुडाली. कशाने बुडाली यावर दोन्ही देशांचं म्हणणं वेगळं आहे. सेहमतची गोष्ट हरिंदर सिक्कांच्या 'कॉलिंग सेहमत' या कादंबरीवरून घेतली आहे. त्यांचं म्हणणं असं की अशी एक बाई खरंच होती.

टकाटक
माझ्याकडे ती बाईक आहे, बजाज व्ही! विक्रांतच्या धातूचा वापर करून बनवलेली. २०१६ ला घेतली. आईला सांगितलं तर तिने टाकीला हळदकुंकू लावलं. अजून चालवतो, विकणार नाही.

नदीकाठ
लहानपणी बाबांनी विक्रांत बघायला नेलं होतं, तेव्हा संग्रहालय होतं तिथे. डेकवर उभं राहिलं की एवढं मोठं मैदान समुद्रावर कसं, हेच कळेना. २०१४ ला तोडायला काढली तेव्हा बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत.

अबोली
सगळे युद्धावर बोलताहेत, मी वेगळं लिहिते. सेहमतचे वडील आजारी असतात, फार दिवस उरलेले नसतात, आणि ते तिला हेर म्हणून त्या घरात लग्न करून जाण्याचं सगळं सांगतात. ती हो म्हणते.
माझ्या बाबांना फुप्फुसाचा कॅन्सर होता. कोल्हापूरला एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, वसतिगृहावर फोन आला. बाबांनी जबरदस्ती मुळीच केली नाही, एवढंच म्हणाले की तुझं झालेलं बघून गेलो असतो. सहा आठवड्यांत लग्न लागलं. मांडवात बाबा खुर्चीवर, शाल पांघरलेली, मे महिना आणि त्यांना थंडी वाजत होती. नवरा चांगला मिळाला, तक्रार नाही. पण त्या सिनेमात बाप-लेकीचा प्रसंग आला आणि मी उठून गॅलरीत गेले. 'राझी' या शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला. हो म्हणणं आणि मनातून तयार असणं यात बरंच अंतर असतं.

सासवडची
अबोली 🙏 एम.ए. पूर्ण केलंस का गं?

अबोली
हो ताई, अकरा वर्षांनी. मुलगी चौथीत होती तेव्हा.

खडूफळा
जिल्हा परिषद शाळेत शिकवते. १५ ऑगस्टला 'ऐ वतन' बसवलं होतं, पाचवीची मुलं. सिनेमात सेहमत हेच गाणं पाकिस्तानातल्या शाळेतल्या मुलांकडून म्हणून घेते. तालमीत एका मुलाने विचारलं, बाई, यात भारताचं नाव कुठाय? शोधलं, खरंच नाही. गाताना ती मुलं त्यांच्या देशाला म्हणताहेत आणि ती तिच्या देशाला, आणि दोघंही खरं बोलताहेत. त्या दिवसापासून ते गाणं लागलं की मला गलबलून येतं.

चंद्रभागा
मिस्टर फौजेत होते. पत्ता काय तर नाव, नंबर, द्वारा ५६ एपीओ, म्हणजे लष्करी टपाल कार्यालय. माणूस बर्फात आहे की वाळवंटात, काही कळायचं नाही. पत्रात विचारलं तर उत्तर यायचं, "इथे सर्व ठीक." सेहमतचा नवरा इक्बालही घरी काही बोलत नाही ना, तसंच. सगळ्यांना सेहमतचं वाईट वाटतं, मला इक्बालचं वाटतं. बायकोला वेळ देणारा, जपणारा साधा माणूस. मैत्रिणी म्हणतात शत्रूच्या अधिकाऱ्यासाठी काय रडतेस. गणवेशातल्या माणसाच्या बायकोला विचारा.
आणि आमच्या आळीत एक काकू होत्या, त्यांचे यजमान आपल्या खुकरी युद्धनौकेवर होते. ९ डिसेंबर १९७१. दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. काकूंना आधी 'बेपत्ता' एवढंच कळलं. त्या एका शब्दावर त्यांनी कितीतरी वर्षं मंगळसूत्र काढलं नाही. हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, बायका कुजबुजायच्या. माझी आई दरवर्षी स्वतः जाऊन त्यांना घेऊन यायची.

नदीकाठ
तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

चंद्रभागा
गेली ती, २००९ ला. पण सांगते 🙂 कुकर झाला, येते नंतर.

मोगरा
सगळ्यांचं दोनदा वाचलं. अबोली, तुझं वाचून पोळी करपली.
दुपारी सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला, ब्याऐंशीच्या आहेत आता. तिसऱ्या पायरीचं आलं तशा हसल्या. म्हणाल्या, मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. रात्री जिन्यावर पावलं वाजायची आणि मधली एक पायरी गप्प असायची, तेव्हा समजायचं की तू उतरते आहेस. सुतार दोनदा येऊन गेला, त्यांनी सगळ्या वाड्याची डागडुजी करून घेतली, ती पायरी तेवढी तशीच ठेवायला सांगितली.