मदत हवी आहे: डिस्प्ले साइझ वाढवला की बँकेच्या अ‍ॅपचं बटण कीबोर्डखाली जातं

आईच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे. लांबचं स्वच्छ दिसतं, पण फोनवरचं बारीक अक्षर चष्मा लावूनही तिला वाचवत नाही. म्हणून तिच्या फोनवर (अँड्रॉइड १४) फाँट साइझ आणि डिस्प्ले साइझ दोन्ही पार शेवटच्या टोकाला नेऊन ठेवलेत. व्हॉट्सअ‍ॅप, मेसेज, फोन सगळं ती आता आरामात बघते.

अडतं ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये. ओटीपीच्या पानावर सहा चौकोन दिसतात आणि त्यांना लागूनच कीबोर्ड. ‘सबमिट’ची नुसती निळी कड वर डोकावते, पान सरकत नाही, तेवढ्यात ओटीपीची मुदत संपते. मग ती शेजारच्या मुलाला हाक मारते. मुलगा चांगला आहे, पण तिच्या पेन्शनच्या खात्याचा ओटीपी दुसऱ्या कुणी बघणं मला अजिबात नको आहे, तिलाही नको आहे.

दुसरं, पंचांगाच्या अ‍ॅपमध्ये तिथीची ओळ वरून कापली जाते. ‘चतुर्थी’वरचा रफार आणि वेलांटी दोन्ही गायब होतात.

फाँट साइझ आणि डिस्प्ले साइझपैकी नेमकं काय कमी करू? एकाच अ‍ॅपपुरतं कमी करता येतं का? कॉम्प्युटरला फोन जोडून डेन्सिटी (पडद्यावर सगळं किती मोठं दिसेल ते ठरवणारा आकडा) बदलतात असं ऐकलंय, ते करावं का?

खटपट्या
आधी डिस्प्ले साइझ कमी करा, फाँटला हात लावू नका. फाँट साइझने फक्त अक्षरं वाढतात. डिस्प्ले साइझने बटणं, चौकोन, मोकळ्या जागा सगळंच वाढतं, म्हणजे पडदा तोच पण त्यात मावतं कमी.

आकड्यात सांगतो. पडद्याची रुंदी १०८० पिक्सेल आणि डेन्सिटी ४८० असेल, तर १०८० गुणिले १६० भागिले ४८०, म्हणजे ३६० डीपी (अ‍ॅपची पानं आखायचं माप). बरेच अ‍ॅपवाले साधारण एवढी रुंदी धरूनच पानं आखतात. डिस्प्ले साइझ वाढवून डेन्सिटी ५४० झाली की उरतात ३२०. उंचीही त्याच प्रमाणात घटते, शिवाय कीबोर्ड वाढतो. तुमचं बटण तिथेच बुडतंय.

फाँट मात्र मोठाच राहू द्या. अँड्रॉइड १४ मध्ये तो २०० टक्क्यांपर्यंत जातो, आणि बारीक अक्षरं जास्त वाढतात, मुळातच मोठी असलेली शीर्षकं त्या मानाने कमी. सोबत ‘ठळक मजकूर’ चालू करा. माझ्या वडिलांना आकारापेक्षा त्याचाच जास्त फायदा झाला.

पंचांगाचं दुखणं वेगळं आहे. अ‍ॅपवाल्याने ओळीची उंची ठरवून टाकलीय, अक्षर वाढलं तरी ओळ वाढत नाही. देवनागरीत शिरोरेषेच्या वर खुणा असल्यामुळे कात्री पहिली त्यांच्यावरच चालते. त्यांना स्क्रीनशॉट पाठवा, हे त्यांनीच दुरुस्त करायला हवं.

सोनचाफा
ताई, तोपर्यंत एक करा. ओटीपी टाकून झाला की एकदाच ‘मागे’ करायला सांगा. बहुतेक अ‍ॅपमध्ये नुसता कीबोर्ड खाली जातो, पान तसंच राहतं आणि बटण मोकळं होतं. जीबोर्ड (गूगलचा कीबोर्ड) असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये कीबोर्डची उंचीही कमी करता येते.

खटपट्या
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, सगळ्यात आधी हेच करा.

एका अ‍ॅपपुरता वेगळा आकार मूळ अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये मिळत नाही. त्याऐवजी ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’त मॅग्निफिकेशनचा शॉर्टकट लावा, तीनदा टॅप केलं की पडदा मोठा होतो. दोन बोटांनी सरकवायची सवय मात्र आईंना शेजारी बसून लावावी लागेल, फोनवरून शिकवून जमत नाही.

भरतीओहोटी
डेन्सिटीचा कॉम्प्युटरवाला मार्ग आईंच्या फोनवर नको. ‘डब्ल्यूएम डेन्सिटी’ कमांडने बदललेला आकडा फोन बंद-चालू केला तरी टिकतो, आणि ‘डब्ल्यूएम डेन्सिटी रीसेट’ने मूळ जागी येतो, त्यामुळे तसा धोका नाही. पण त्यासाठी डेव्हलपर पर्याय आणि यूएसबी डीबगिंग (कॉम्प्युटरवरून फोनला कमांड देऊ देणारी सेटिंग) चालू करावं लागतं, आणि ते चालू दिसलं की काही बँकांची अ‍ॅप उघडतच नाहीत. हवा असलेला फरक साध्या सेटिंगमधून मिळतोय तर त्यात कशाला शिरायचं?

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी घरी गेले होते. डिस्प्ले साइझ मूळ जागी आणला, फाँट सगळ्यात मोठा ठेवला, ठळक मजकूर चालू केला. ‘सबमिट’ आता कीबोर्डच्या वर पूर्ण दिसतं. विजेचं बिल आईने माझ्यासमोर स्वतः भरलं, मी फक्त शेजारी बसले होते.

पंचांगवाल्यांना स्क्रीनशॉट पाठवलाय, अजून उत्तर नाही. तोवर मोठ्या फाँटमध्ये तिथी न कापता दाखवणारं दुसरं मराठी पंचांग कुणाच्या घरी वापरात असेल तर कृपया नाव सांगा. तिच्या संकष्टीच्या आत मिळालं तर फार बरं होईल.