डेस्मॉइड गाठ: ऑपरेशन आत्ताच, की थांबून बघायचं?

नमस्कार. थोडं लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

माझी ताई, वय ३६, सांगलीजवळ असते. उजवीकडे छातीच्या वरच्या भागात टणक गाठ हाताला लागली. स्तनाचीच असणार म्हणून सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सोनोग्राफीत गाठ स्तनाच्या मागे, स्नायूत निघाली. एमआरआयमध्ये ६ सेंमी, तिसऱ्या-चौथ्या बरगडीला लागून. कोअर बायोप्सीत (जाड सुईने काढलेला तुकडा) बीटा-कॅटेनिन, म्हणजे या गाठीची खूण मानलं जाणारं प्रथिन, पॉझिटिव्ह, निदान डेस्मॉइड. म्हणजे धड कॅन्सर नाही, धड साधी गाठही नाही. दुसरीकडे पसरत नाही, पण आजूबाजूच्या स्नायूत घुसते आणि काढली तरी तिथेच परत येऊ शकते.

आता घोळ. पहिले सर्जन म्हणतात काढूनच टाकू: दोन बरगड्यांचे तुकडे जातील, तिथे जाळी बसेल, पाठीचा स्नायू फिरवून वर घ्यायचा, काही दिवस छातीत नळी. दुसरे ऑन्कोसर्जन म्हणतात, घाई नको. तीन महिन्यांनी एमआरआय, वाढत गेली तर गोळ्या, ऑपरेशन सगळ्यात शेवटी.

मी वाचत बसलो. डेस्मॉइडवर सोराफेनिब या गोळीची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकीही सुमारे २० टक्के जणांच्या गाठी आपोआप आकसल्या होत्या! तेव्हापासून मला दुसऱ्या डॉक्टरांचं पटतंय. आईला नाही. "गाठ अंगात ठेवून झोप कशी लागते रे तुम्हाला?" दाजी गप्प. आणि खरं सांगायचं तर झोप ताईलाच लागत नाही, त्या कुशीवर वळलं की कळ येते.

छातीवरची डेस्मॉइड असताना कुणी थांबून पाहिलंय का? दुखण्याचं काय केलंत? ज्यांच्या बरगड्या काढून जाळी बसवली, त्यांचा हात पूर्ण वर जातो का? ताई शिवणकाम करते, दिवसभर मशीनवर असते, म्हणून विचारतोय. शिवाय तिला दुसरं मूल हवंय आणि गरोदरपणात ही गाठ वाढू शकते म्हणतात. त्या वाटेने कुणी गेलं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.

पुढच्या आठवड्यात परळला टाटा मेमोरियलमध्ये तिसरं मत घ्यायला निघतोय. बायोप्सीचे ब्लॉक, स्लाइड्स आणि एमआरआयची सीडी घेतली आहे. आणखी काय लागेल?

लेप आणि काढे कृपया सुचवू नका, ते खातं मावशीने आधीच सांभाळलंय.