बायबलमधल्या लेवीय पुस्तकापाशी अडकलोय, पुढे कसं वाचू?

नमस्कार. प्रभू येशूवर विश्वास ठेवून चारच महिने झालेत. बायबल पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. उत्पत्ती, निर्गम झालं, पण लेवीयच्या २७ अध्यायांत होमार्पणं, शुद्ध-अशुद्धाचे नियम सुरू झाले आणि तीन आठवडे खुणेची फीत तिथेच आहे. येशूचं जीवन सांगणाऱ्या मार्कच्या शुभवर्तमानाचे १६ अध्याय मात्र दोन रात्रींत संपले! आधी चारही शुभवर्तमानं वाचून मग जुन्या कराराकडे वळावं का?

दुसरं, सकाळी प्रार्थना करतो आणि तासाभरात मुलावर ओरडतो. फार वाईट वाटतं. १३व्या स्तोत्रात दावीद देवालाच ‘कुठवर?’ विचारतो, तेवढ्याने धीर आला. एखादं वचन दिवसभर मनात राहावं म्हणून तुम्ही नेमकं काय करता? घरात विश्वासात मी एकटाच आहे, म्हणून इथे विचारतोय.